कुळगाव-बदलापूर : वाढत्या शहराचा कारभार

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या मध्य रेल्वेच्या मार्गावर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे 68 किलोमीटरवर बदलापूर स्थानक लागते. स्थानकाच्या पूर्वेला कुळगाव, तर पश्चिमेला उल्हास नदीच्या अंगाने जुने बदलापूर गाव. या दोन गावांच्या नावाने ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातली कुळगाव-बदलापूर नगरपरिषद ओळखली जाते. कात्रप, बेलवली, मांजर्ली, शिरगाव, खरवई, एरंजाड, सोनिवली, वालिवली अशी आसपासची गावेही आता याच शहराचा भाग आहेत.

कल्याणच्या पुढे खोपोलीच्या दिशेने रेल्वे 1856 साली आली, पण शहर वाढायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली. 1983 साली कल्याण महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा कल्याण आणि डोंबिवलीबरोबर अंबरनाथ आणि बदलापूरही तिच्या हद्दीत घेतले गेले. लांबच्या मुख्यालयातून या टोकाचा कारभार नीट होत नाही, ही तक्रार पुढे सतत राहिली. 1992 साली अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर महानगरपालिकेतून बाहेर पडले आणि दोघांना स्वतंत्र नगरपरिषदा मिळाल्या. 2001 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 98 हजार होती, 2011 मध्ये ती 1 लाख 74 हजारांवर गेली. म्हणजे दहा वर्षांत पाऊणपटीहून अधिक वाढ झाली.

परळ-लालबागच्या चाळींतून, ठाणे-डोंबिवलीच्या भाड्याच्या घरांतून, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राच्या गावांतून आलेल्या अनेक कुटुंबांनी आपले पहिले मालकीचे घर इथे घेतले. दादर-ठाण्यात परवडत नाही आणि लोकलने नोकरी गाठता येते, हे त्यामागचे साधे गणित होते. माणसे आधी आली. पाणी, गटार, शाळा, दवाखाना, रुंद रस्ता आणि ही व्यवस्था चालवणारी माणसे मात्र मागून, सावकाश येत राहिली. शहरातल्या बहुतेक बातम्या याच अंतरातून निघतात.

नगरपरिषदेची घडण

राज्यातल्या नगरपरिषदा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 नुसार चालतात. लोकसंख्येनुसार त्यांचे तीन वर्ग आहेत. एक लाखाहून जास्त लोकसंख्येच्या नगरपरिषदा 'अ' वर्गात येतात, आणि कुळगाव-बदलापूर त्यांपैकी एक आहे. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या संस्थांना संविधानाचे संरक्षण दिले. पाच वर्षांची मुदत, राखीव जागा, राज्य निवडणूक आयोग आणि बाराव्या अनुसूचीतले 18 विषय ही त्या दुरुस्तीची देणगी आहे. महाराष्ट्राने 2011 साली महिलांसाठीच्या राखीव जागा निम्म्यावर नेल्या.

नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, हा नियम राज्यात अनेकदा बदलला. 2016 साली थेट निवडणूक आली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये परत आली. नगराध्यक्ष हा शहराचा राजकीय प्रमुख, तर प्रशासनाची सूत्रे मुख्याधिकाऱ्याच्या हाती असतात. मुख्याधिकारी राज्य शासनाच्या सेवेतला असतो आणि त्याची बदली शासन करते. स्थायी समिती आणि बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य, शिक्षण, नियोजन, महिला व बालकल्याण यांसारख्या विषय समित्यांमध्ये कामाची वाटणी होते.

सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका हा शहराचा सर्वांत उपयोगी कागद आहे. 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा तिच्यातला पहिला विषय. त्यानंतर रस्ते, दिवे, निविदा, आरक्षणे, जागा भाड्याने देणे, कर्मचाऱ्यांचे प्रश्न असे विषय क्रमाने येतात. शेवटी 'ऐनवेळचे विषय' असतात. प्रत्येक ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो. महत्त्वाचा विषय पत्रिकेत न येता ऐनवेळी आला, तर नगरसेवकाला अभ्यास करायला आणि नागरिकाला बोलायला वेळच मिळत नाही. म्हणून जाणता वाचक या शेवटच्या भागाकडे आधी पाहतो. ठराव बेकायदा किंवा लोकहिताला बाधक वाटला, तर जिल्हाधिकारी अधिनियमाच्या कलम 308 नुसार त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. तातडीच्या प्रसंगी नगराध्यक्षाला कलम 58(2) खाली सभेआधी निर्णय घेता येतो, मात्र तो नंतर सभेपुढे ठेवावा लागतो.

सभागृहाविना गेलेली वर्षे

कुळगाव-बदलापूरची सार्वत्रिक निवडणूक 22 एप्रिल 2015 रोजी झाली होती. त्या सभागृहाची मुदत 2020 मध्ये संपली. तेव्हा कोविडची साथ सुरू होती, म्हणून प्रशासक आला. पुढे इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये या आरक्षणासाठी तीन कसोट्या बंधनकारक केल्या आणि राज्यभरच्या स्थानिक निवडणुका अडकल्या. अखेर 6 मे 2025 रोजी न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. 2 डिसेंबर 2025 रोजी राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मतदान झाले, काही ठिकाणचे मतदान 20 डिसेंबरला झाले आणि 21 डिसेंबरला मतमोजणी झाली.

पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या सहीने शहर चालले. रस्ते झाडले गेले, दिवे लागले, दाखले मिळाले. पण आपल्या प्रभागातल्या गटारासाठी सभेत उभे राहून जाब विचारणारे कोणी उरले नाही. विषयावर चर्चा होणे, विरोध नोंदवला जाणे, वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी त्याची बातमी येणे ही सगळी साखळी तुटली. मुलगा पाचवीतून दहावीत गेला, तरी त्याच्या पालकांना नगरसेवकासाठी मत देता आले नव्हते. घटनेने दिलेल्या पाच वर्षांच्या मुदतीचा अर्थ मुदत संपण्याआधी निवडणूक घेणे असा आहे. तो पाळला जावा ही मागणी सर्वच पक्षांच्या मतदारांनी लावून धरायला हवी.

रस्ता कागदावरून जमिनीवर

वाढत्या वस्तीत नागरिकांची पहिली मागणी रस्त्याची असते. शंभर-दोनशे मीटरचा काँक्रीटचा रस्ता होण्याआधी तो कितीतरी टेबलांवरून जातो. आधी बांधकाम विभागाचा अभियंता जागेची मोजणी करून अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता लागते. मग समिती किंवा सभा प्रशासकीय मान्यता देते आणि पैसा कोणत्या लेखाशीर्षातून यायचा ते ठरते. ई-निविदा निघते, दर उघडले जातात आणि पात्र ठेकेदाराला कार्यादेश मिळतो. काम सुरू झाले की अभियंता मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी नोंदवतो आणि त्या नोंदीवर देयक निघते. काम संपल्यावर दोषदायित्वाचा काळ सुरू होतो. त्या काळात रस्ता खचला, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते.

नागरिकाला या साखळीत तीन ठिकाणी हात घालता येतो. अंदाजपत्रकात रस्त्याबरोबर गटार आणि वाहिन्यांसाठीचे पाइप धरले आहेत का, हे आधी पाहता येते. काम चालू असताना कामाच्या नावाचा, रकमेचा आणि मुदतीचा फलक मागता येतो. दोषदायित्वाची तारीख माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली विचारता येते. एखाद्या गृहसंस्थेच्या सचिवाने ही तारीख वहीत लिहून ठेवली, तर पहिल्या पावसातल्या खड्ड्याचा खर्च करदात्यावर पडत नाही.

तिजोरीत पैसा कुठून येतो

नगरपरिषदांची जकात 1999 साली बंद झाली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. स्वतःच्या उत्पन्नात सर्वांत मोठा आधार मालमत्ता कराचा असतो. त्याची आकारणी समजून घेणे अवघड नाही. समजा एका सदनिकेचे वाजवी भाडे महिना 1,000 रुपये ठरवले. वर्षाचे 12,000 झाले. दुरुस्तीपोटी त्यातून 10 टक्के वजा केले की 10,800 रुपये करयोग्य मूल्य उरते. या मूल्यावर ठरलेल्या टक्क्यांनी सामान्य कर लागतो. त्याखाली वृक्ष कर, अग्निशमन कर, शिक्षण कर, रोजगार हमी कर अशा ओळी येतात. त्यांतले शिक्षण कर आणि रोजगार हमी कर शासनाचे असतात, नगरपरिषद ते फक्त वसूल करते. मूल्यांकनाची यादी ठराविक वर्षांनी नव्याने होते आणि तीवर हरकत घेता येते. हरकतीची मुदत चुकवलेला मालक पुढची वर्षे तक्रार करत राहतो.

वाढत्या शहराच्या तिजोरीत आणखी दोन प्रवाह येतात. नव्या बांधकामाला परवानगी देताना विकास शुल्क मिळते. घर खरेदीच्या मुद्रांक शुल्कावर जो अधिभार असतो, त्याचा वाटाही स्थानिक संस्थेला मिळतो. घरबांधणी जोरात असली की तिजोरी भरलेली दिसते. मात्र परवानगीचे शुल्क एकदाच येते, आणि त्या इमारतीतल्या माणसांचा कचरा, सांडपाणी, दिवे यांचा खर्च दरवर्षी वाढत जातो. एकदाच येणाऱ्या पैशातून रोजचा खर्च भागवायची सवय लागली, की बांधकामाचा वेग मंदावताच शहर अडचणीत येते. म्हणून अर्थसंकल्प वाचताना भांडवली आणि महसुली रकमा वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी 5 टक्के राखीव असतात. महिला व बालकल्याण आणि दुर्बल घटक यांसाठीही तरतूद करावी लागते. ती रक्कम मार्चअखेर खरोखर खर्च झाली का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान आणि प्रभागांची रचना लोकसंख्येवर ठरते. 2021 ची जनगणना झाली नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तोवर 2011 च्या आकड्यांवरच हिशोब चालतो. ज्या शहरात त्यानंतर हजारो सदनिका उभ्या राहिल्या, त्याच्यासाठी हा हिशोब तोट्याचा आहे.

पाणी : अनेक मालकांचा प्रश्न

बदलापूरच्या नळाला येणारे पाणी नगरपरिषद देत नाही. शहराचा पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. उल्हास नदीवरच्या बॅरेज बंधाऱ्यापाशी पाणी उपसले जाते आणि शुद्ध होऊन टाक्यांमध्ये चढते. उल्हास राजमाचीच्या परिसरातून निघून कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण असा सुमारे 122 किलोमीटरचा प्रवास करून वसईच्या खाडीला मिळते. उन्हाळ्यातही ती वाहती राहते, त्याला मावळातल्या आंद्र धरणाचा मोठा आधार आहे. त्या धरणाचे पाणी घाटाखाली भिवपुरीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून वीज करून उल्हासला मिळते. शहराजवळचे बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे आहे. उंची वाढवल्यानंतर 2019 साली ते पहिल्यांदा वाढीव क्षमतेने भरले. जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतींना आणि अनेक शहरांना त्याचे पाणी जाते.

सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी हे मान्य प्रमाण आहे. या हिशोबाने एक लाख माणसांना रोज 1 कोटी 35 लाख लिटर पाणी हवे. वाहिनीतली गळती धरली, तर उपसा त्याहून जास्त करावा लागतो. लोकसंख्या पाऊणपटीने वाढते, तेव्हा टाकी, पंप, जलवाहिनी आणि नदीतला मंजूर कोटा ही सगळी एकत्र वाढायला हवीत. यांतली एक जरी मागे राहिली, तरी टोकाच्या इमारतीला पाणी पुरत नाही आणि टँकर सुरू होतात.

पाणी कमी आले की मोर्चा बहुधा नगरपरिषदेवर जातो. खरे तर पाणी प्राधिकरणाचे, पंपाची वीज महावितरणची, सांडपाणी नगरपरिषदेचे, आणि जलवाहिनीसाठी खोदायचा रस्ता कधी नगरपरिषदेचा, तर कधी राज्याचा. नव्या रस्त्यावर महिन्याभरात चर पडण्याचे कारण यातच आहे. या सर्व संस्थांची दर महिन्याला एकत्र बैठक झाली आणि तिचे इतिवृत्त लोकांसमोर आले, तर निम्म्या तक्रारी मिटतील. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांनी ठरवले, तर हे आजच्या अधिकारातही जमते.

नदीची हद्द आणि विकास आराखडा

शहराची जमीन कशासाठी वापरायची हे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार केलेल्या विकास आराखड्यात ठरते. मैदान, शाळा, भाजी मंडई, दवाखाना, स्मशानभूमी आणि रुंद रस्ते यांची आरक्षणे त्यात दाखवलेली असतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठरलेल्या मुदतीत हरकती आणि सूचना घेतल्या जातात. एकदा आराखडा मंजूर झाला की त्यात फेरबदल करता येतो, पण त्यालाही जाहीर सूचना लागते. आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम 127 नुसार नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या मुदतीतही संपादन झाले नाही, तर आरक्षण रद्द होते. मुलांचे मैदान असे हातचे जाते. संपादनाला पैसा नसेल, तर हस्तांतरणीय विकास हक्क देऊन जमीन मिळवता येते. 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने त्याचे नियम बहुतांश राज्यभर सारखे केले.

बदलापुरात या आराखड्यावर नदीची सही आधीच झालेली आहे. 26 जुलै 2005 चा पूर जुन्या रहिवाशांच्या आठवणीत आहे. नंतरच्या वर्षांतही अतिवृष्टीत नदीकाठच्या इमारतींच्या तळमजल्यात पाणी शिरत राहिले. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको आणि दोन रेषांच्या मध्ये अटींवरच परवानगी द्यावी, हे धोरण आहे. ज्यांनी कर्ज काढून घर घेतले आणि नंतर ते रेषेच्या आत आले, त्यांची काळजी खरी आहे. पण कागदावर रेषा मागे सरकवून नदी मागे सरकत नाही. घर घेण्याआधी पूररेषेचा नकाशा पाहायला मिळणे हा प्रत्येक खरेदीदाराचा हक्क मानला गेला पाहिजे आणि परवानगीच्या कागदावर ती रेषा ठळक छापली गेली पाहिजे.

27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, चामटोलीजवळ पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, वायुदल, रेल्वे आणि जिल्हा प्रशासन यांनी बोटी आणि हेलिकॉप्टर आणून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढले. आजूबाजूच्या गावकऱ्यांनी पाण्यात उतरून वाट दाखवली, खाण्यापिण्याची सोय केली. ओढे कुठून फिरतात आणि रुळाखालची मोरी कधी तुंबते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. विकास आराखड्याच्या सुनावणीत या माहितीला अभियंत्याच्या नकाशाइतकेच वजन मिळायला हवे.

स्थानक : शहराची चावडी

सकाळी हजारो माणसे शहरातून बाहेर पडतात आणि रात्री परततात. त्यामुळे बदलापूरकरांची एकमेकांशी सर्वाधिक गाठ स्थानकात पडते. लोकलची वेळ, फलाटाची लांबी, पूर्व-पश्चिम जोडणारा पूल आणि रिक्षातळ या गोष्टींवर शहराची दिनचर्या ठरते. यांतले रेल्वेचे विषय नगरपरिषदेच्या हातात नाहीत, स्थानकाबाहेरचा चौक मात्र आहे. फेरीवाल्यांसाठी 2014 च्या केंद्रीय कायद्याने शहर फेरीवाला समिती बंधनकारक केली आणि तिच्यात 40 टक्के प्रतिनिधित्व फेरीवाल्यांना दिले. चौक मोकळा ठेवणे आणि भाजीवाल्या बाईचे पोट सांभाळणे ही दोन्ही कामे या समितीतूनच नीट होऊ शकतात.

मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या 3-अ टप्प्यात कल्याण-बदलापूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेचे काम आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्थानकही नियोजित आहे. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाचा पनवेलकडचा भाग शहराजवळून माथेरानच्या डोंगराखालच्या बोगद्याने जातो. या सोयी आल्या की वस्ती आणखी वाढेल. पाणी आणि गटाराचे नियोजन त्या तारखा डोळ्यांसमोर ठेवून करणे हीच शहाणपणाची गोष्ट आहे.

स्थानकाचे सार्वजनिक महत्त्व 20 ऑगस्ट 2024 रोजी देशाने पाहिले. शहरातल्या एका शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर संतापलेले पालक आणि नागरिक रुळांवर उतरले आणि कित्येक तास गाड्या थांबल्या. तक्रार वेळेवर ऐकली गेली नाही, हा त्यांचा रोष होता. तक्रार नोंदवून घेणारे पोलीस ठाणे, शाळेची समिती आणि प्रश्न विचारणारे सभागृह ही दारे जिथे उघडी असतात, तिथे माणसांना रूळ गाठावे लागत नाहीत.

उत्सव, जांभूळ आणि वाचनालय

नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाची शहराशी ओळख कर भरून होत नाही. ती गणपतीच्या मंडपात, नवरात्रात, गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत होते. 1999 साली डोंबिवलीत सुरू झालेली ही स्वागतयात्रेची प्रथा कल्याण, ठाणे, बदलापूर अशी पसरत गेली. लेझीमच्या पथकात आणि चित्ररथाच्या तयारीत एका मजल्यावर राहूनही अनोळखी असलेली माणसे एकत्र येतात. वर्गणी, हिशोब, स्वयंसेवकांची यादी, रस्त्याची वाहतूक हे सगळे सांभाळताना कार्यकर्ता घडतो. शहरातल्या कितीतरी नगरसेवकांची पहिली शाळा मंडळाचा मंडप हीच असते.

उत्सवालाही कारभार लागतो. मंडपासाठी नगरपरिषदेची परवानगी, पोलीस आणि वाहतूक शाखेचे ना हरकत पत्र, अग्निसुरक्षा, वीजजोडणी अशी कागदपत्रे एका खिडकीवर मिळावीत, ही मंडळांची अपेक्षा असते. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा असतो आणि वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावातच करण्याचा नियम लागू केला. उल्हासचे पाणी पिणाऱ्या शहराने तर तो आनंदाने पाळावा, कारण तीच नदी त्याच्या नळाला येते.

जून महिन्यात स्थानकाबाहेर आणि रस्त्यांच्या कडेला आदिवासी बायका टोपल्यांमध्ये जांभळे घेऊन बसतात. पळसाच्या पानावर ओंजळभर टपोरी, पाणीदार जांभळे मांडलेली असतात. बदलापूरच्या जांभळाला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि शहरात जांभूळ महोत्सवही भरू लागला. हा मान झाडांवर टिकून आहे. नवी गृहसंकुले उभी राहताना जुनी जांभळे तोडली गेली, तर मानांकन फक्त कागदावर राहील. नागरी क्षेत्रातल्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 साली बदल झाला आणि 50 वर्षांहून जुनी झाडे वारसा वृक्ष ठरली. झाड तोडण्याची परवानगी देणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाने शहरातल्या जांभळांची गणना करून ती नकाशावर घेतली, तर बांधकाम परवानगीच्या टेबलावरच झाड वाचेल. टोपलीवाल्या बाईच्या हंगामातल्या कमाईचा प्रश्नही त्यातच सुटेल.

शहराच्या सांस्कृतिक जीवनात ग्रंथसखा वाचनालयाचे स्थान मोठे आहे. मराठी ग्रंथांचा आणि दुर्मीळ नियतकालिकांचा तिथला संग्रह अभ्यासकांना दूरवरून बदलापूरला आणतो. लोकलमध्ये रोज तीन-चार तास घालवणाऱ्या माणसांच्या शहरात वाचनसंस्कृती अशी रुजली, ही अभिमानाची बाब आहे. विकास आराखड्यातली वाचनालय आणि नाट्यगृह यांची आरक्षणे याच कारणासाठी जपायला हवीत.

ग्रामसभा गेली, क्षेत्रसभा आली नाही

गाव शहरात सामील होते, तेव्हा एक मोठी गोष्ट गमावते. ग्रामपंचायत कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. तिथे कोणताही मतदार उठून सरपंचाला खर्चाचा हिशोब विचारू शकतो. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत नागरिकाला बोलण्याचा असा अधिकार नाही. हे अंतर भरून काढण्यासाठी राज्याने 2009 साली शहरांतल्या क्षेत्रसभेची तरतूद केली, पण बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. प्रभाग समित्यांची घटनात्मक सक्तीही तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच आहे. कात्रप किंवा बेलवलीच्या ज्येष्ठ रहिवाशाला चावडीवर जे विचारता येत असे, ते विचारायला आज नगरसेवकाचे कार्यालय किंवा मुख्याधिकाऱ्याचे दालन गाठावे लागते.

ही पोकळी स्थानिक पत्रकार भरून काढतात. ठाणे जिल्ह्याच्या पुरवण्या, छोटी साप्ताहिके आणि गृहसंस्थांचे व्हॉट्सअ‍ॅप गट यांतून शहराच्या बातम्या फिरतात. पाणी कधी येणार, कोणता पूल बंद आहे, शिबिर कुठे आहे, हे लोकांना तातडीने कळते. मात्र ठराव क्रमांक, निविदेची रक्कम, आरक्षणातला फेरबदल अशा बातम्यांसाठी सभेला बसून कागद वाचणारा वार्ताहर लागतो. अशा वार्ताहराला मिळणारे मानधन तुटपुंजे असते. त्याच्या वृत्तपत्राची वर्गणी भरणे हाही नागरी कर्तव्याचाच भाग आहे. नगरपरिषदेच्या बाजूने माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार विषयपत्रिका, इतिवृत्ते आणि कामांची यादी आपणहून प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार दाखले आणि परवानग्यांना मुदत बांधलेली आहे, आणि ती चुकली तर अपील करता येते.

पुढचा टप्पा

राज्यात महानगरपालिका होण्यासाठी किमान तीन लाख लोकसंख्येची अट आहे. कुळगाव-बदलापूरची स्वतंत्र महानगरपालिका व्हावी की अंबरनाथसह एकत्र व्हावी, ही चर्चा शहरात अनेक वर्षे चालू आहे. महानगरपालिका झाली की आयुक्त येतो, अधिकारी आणि अधिकार वाढतात, अनुदानाचे मार्ग रुंदावतात. त्याबरोबर करांचा बोजाही वाढतो आणि निर्णयाचे केंद्र लांब जाण्याची शक्यता असते. 1983 ते 1992 या काळात बदलापूरने तो अनुभव घेतलेला आहे. म्हणून नावापेक्षा काही अटी महत्त्वाच्या ठरतात. पाणी, सांडपाणी आणि रस्ते यांची जबाबदारी शक्य तितकी एका संस्थेकडे यावी. पूररेषा आणि आरक्षणे यांचा नकाशा सर्वांना पाहता यावा. अभियंते, आरोग्य निरीक्षक आणि नगररचनाकार यांची पदे लोकसंख्येच्या प्रमाणात भरली जावीत. प्रत्येक प्रभागात वर्षातून चार वेळा नागरिकांची सभा व्हावी आणि तिथले ठराव सर्वसाधारण सभेपुढे यावेत. निवडणूक मुदतीत व्हावी. या पाच गोष्टी झाल्या, तर दारावरचा फलक नगरपरिषदेचा असो वा महानगरपालिकेचा, वाढणाऱ्या लोकसंख्येच्या बरोबरीने शहराचा कारभारही वाढेल.